किंग्स्टनमध्ये गुडघे वाकवायला शिकले

पंधरा वर्षं ऐरोलीत नाइट शिफ्ट केलेल्या बाईला रात्री दोनला भूक लागते आणि दुपारी दोनला झोप येते. ऑक्टोबर २०१८ मध्ये कंपनीने मला सात महिन्यांसाठी जमैकाला धाडलं. किंग्स्टनच्या सेंटरमधल्या नव्या मुलामुलींना इन्शुरन्स क्लेमची प्रोसेस शिकवायची होती. तिथलं घड्याळ न्यूयॉर्कच्या आसपास चालतं, त्यामुळे अमेरिकेचा दिवस तोच तिथला दिवस. कित्येक वर्षांनी मला माणसासारखी दिवसाची ड्यूटी मिळाली आणि शरीर काही केल्या ते मान्य करेना. रात्री साडेबाराला डोळे टक्क उघडे.

त्या वेळी लांबून ठोके यायचे. गाणं कळत नसे, शब्द तर नाहीच, फक्त तळाचा धम्म आवाज. खिडकीची काच बारीक थरथरायची. आमच्या ठाण्यात असा आवाज आला की समजायचं, कुणाची तरी हळद आहे. आगरी-कोळी वस्तीत वाढलेल्यांना हळद काय असते ते सांगायला नको. लग्न दुसऱ्या दिवशी, पण डीजे आदल्या रात्री. किंग्स्टनला मात्र रोजच हळद. आठवड्याच्या वारांवर रस्त्यावरच्या पार्ट्यांची नावं कोरलेली: सोमवारी हाफ वे ट्री भागात सॅव्हाना प्लाझाच्या आवारात 'अपटाउन मंडेज', बुधवारी बर्लिंग्टन ॲव्हेन्यूवर 'वेडी वेडी'. ज्या संगीतावर हे चालतं ते डान्सहॉल. रेगे आपल्याला बॉब मार्लेमुळे ठाऊक आहे. डान्सहॉल त्याच घरातलं, पण जास्त तापट, जास्त तोंडाळ आणि नाचाशिवाय अर्धवट.

माझ्या बॅचमधल्या एका मुलीने लंच ब्रेकला विचारलं, "मिस, तुम्ही नाचता का?" तिथे शिकवणाऱ्या बाईला 'मिस' म्हणतात, आपण 'मॅडम' म्हणतो तसं. मी म्हटलं, येतं की थोडंफार. हे वाक्य मला पुढचे सहा महिने महाग पडलं.

तिची मावसबहीण नाच शिकवायची. क्लास म्हणजे घराचं मागचं अंगण. पत्र्याचं कुंपण, आंब्याचं झाड, सिमेंटचा कोबा आणि खुर्चीवर ठेवलेला एक स्पीकर. विद्यार्थिनी आम्ही चौघी: दोन जपानी मुली, एक पोलंडची आणि मी. त्या तिघी पंचविशीच्या आतबाहेर, मी बेचाळीस. जपानी मुलींनी या एका ट्रिपसाठी वर्षभर पैसे साठवले होते. मला वाटलं, काय हा वेडेपणा! नंतर कळलं की त्यामागे मोठी परंपरा आहे. २००२ मध्ये जुन्को कुडो नावाच्या जपानी मुलीने जमैकात येऊन 'डान्सहॉल क्वीन' स्पर्धा जिंकली, तेव्हापासून जपानहून मुली येतच राहिल्या. युरोपातूनही येतात. आपल्याकडे कथ्थक शिकायला परदेशी मुली येतात, तसंच हे.

टीचरने पहिल्या दिवशी काही शिकवलंच नाही. गाणं लावलं आणि म्हणाली, नाचून दाखवा. शाळेत पंधरा ऑगस्टला लेझीम, मग गणपती, मग भावंडांच्या हळदी एवढा माझा अनुभव. त्या जोरावर मी सुरू झाले. ठोका पडला की उडी, हात वर. तिने अर्ध्या मिनिटात गाणं बंद केलं. शांतपणे विचारलं, "झाडावरचे आंबे काढतेयस का?"

मग ती माझ्याजवळ आली. माझ्या डोक्यावर चार बोटांच्या अंतरावर तिने तळहात आडवा धरला आणि म्हणाली, आता नाच. पहिल्याच ठोक्याला माझी टाळू तिच्या हाताला लागली. दुसऱ्याला पुन्हा. "बेन यु नी!" गुडघे वाकव. हे तीन शब्द मी त्या सात महिन्यांत 'गुड मॉर्निंग'पेक्षा जास्त वेळा ऐकले. हात तसाच धरून तिने मला वीस मिनिटं नुसतं जागच्या जागी डोलायला लावलं. पावलं नाहीत, हात नाहीत. गुडघे सैल, अंगाचा भार टाचांवर, आणि ठोका पडला की खाली जायचं. खाली जायचं म्हणजे बसायचं नाही. जिन्यावरून उतरताना आणखी एक पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, तेव्हा गुडघा जसा दचकून मऊ होतो, तेवढंच.

इतकी वर्षं मी उलटं नाचत होते. मिरवणुकीत, वरातीत, हळदीत आपण वर नाचतो. जोर आला की उडी मारतो, आणखी जोर आला की कुणाच्या तरी खांद्यावर बसतो. इथे जोर आला की माणसं जमिनीकडे जातात. त्यामुळेच बहुधा ती पहाटेपर्यंत टिकतात आणि आपण तीन गाण्यांत पाणी मागतो.

ठेका समजायला अवघड नाही. आठपर्यंत मोजा आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या आकड्यावर टाळी द्या. तीन, तीन, दोन. डान्सहॉलच्या किती तरी गाण्यांचा कणा हाच. डोक्याला हे दहा मिनिटांत कळलं, मांड्यांना कळायला सहा आठवडे गेले. पहिल्या आठवड्यात माझ्या पोटऱ्या आणि मांड्या अशा भरून आल्या की ऑफिसचा जिना मी कठडा धरून उलटी उतरत होते. बॅचची मुलं खाली उभी राहून टाळ्या द्यायची. त्यांनीच माझं नाव पाडलं, 'मिस इंडियन'. तिथे टोपणनाव दिसण्यावरून पडतं आणि कुणाला त्याचा राग येत नाही. शिवाय 'इंडियन' त्यांना अनोळखी नाही. १८४५ मध्ये ब्लंडेल नावाच्या जहाजातून पहिले हिंदुस्थानी करारमजूर ओल्ड हार्बर बेला उतरले, तेव्हापासूनची ती ओळख. बोकडाच्या मटणाची करी तिथल्या प्रत्येक समारंभात असते. माझ्या घरमालकीणबाई 'कॅलालू' म्हणून जी भाजी कौतुकाने वाढायच्या, ती पहिल्या घासालाच ओळखली: आपला माठ! फक्त त्यात लसणाबरोबर तिखटजाळ मिरची.

दुसऱ्या महिन्यापासून पावलं सुरू झाली. डान्सहॉलमध्ये प्रत्येक पावलाला नाव असतं आणि नावामागे माणूस असतो, हे मला फार आवडलं. शिकवताना टीचर आधी ते पाऊल कुणाचं ते सांगायची आणि मगच करून दाखवायची. या सगळ्यांचा बाप म्हणजे जेराल्ड लेव्ही, ज्याला सगळे 'बोगल' म्हणायचे. नव्वदीच्या सुरुवातीला त्याने जी लाट आणली, हात वर आणि छातीपासून गुडघ्यापर्यंत अंग सापासारखं सोडत न्यायचं, तिला त्याचंच नाव मिळालं. त्याच्या नावावर किती तरी पावलं आहेत. 'विली बाउन्स' मी त्यातल्या त्यात बरं करते. २० जानेवारी २००५ ला कॉन्स्टंट स्प्रिंग रोडवरच्या पेट्रोल पंपावर त्याला गोळ्या घालून मारलं. माझी रोजची टॅक्सी त्याच रस्त्याने जायची. पंप दिसला की टीचर दर वेळी छातीला हात लावायची, आपण चालत्या बसमधून देवळाला लावतो तसा.

पावलाचा प्रवास असा. कुणीतरी नाचणारा गल्लीत, पार्टीत काहीतरी नवीन करतो. लोक उचलतात. मग एखादा गायक त्यावर गाणं करतो. गाणं कसलं, कवायतीच्या सूचनाच: हात इकडे, पाय तिकडे, आता वळा. विमानतळावर विमानाला इशारे करणाऱ्या माणसासारखे हात हलवायचे, होडी वल्हवायची, केसांना शाम्पू लावायचा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर जिंकल्यावर उसेन बोल्ट ट्रॅकवर वाकून दबा धरल्यासारखा नाचला होता, आठवतं? आपण सगळ्यांनी ते टीव्हीवर बघितलं आणि म्हटलं, काय गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता. ते 'गली क्रीपर', किंग्स्टनच्या रस्त्यावरचं त्या वर्षीचं पाऊल. गाण्याचे पैसे गायकाला मिळतात, बोल्टची जाहिरात होते, आणि ज्याने पाऊल काढलं तो बहुतेक वेळा तिथेच राहतो. टीचर या विषयावर सुरू झाली की क्लासचा अर्धा तास गेलाच. आमची सुटका व्हायची, म्हणून आम्हीही मुद्दाम विषय काढायचो.

कमरेचं काम मात्र मला जमेना. तिथे त्याला 'वाइन' म्हणतात. कंबर गोल फिरवायची, वरचं अंग स्थिर. मी फिरवायला गेले की खांदे फिरायचे, मान फिरायची, कंबर सोडून सगळं फिरायचं. पोलंडच्या मुलीने दोन दिवसांत उचललं. मी तिसऱ्या आठवड्यातही लाकडासारखी. खरं सांगायचं तर अडचण हाडांची नव्हती. आपल्या घरात मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की तिला कंबर हलवू नकोस असं कुणी शब्दांत सांगत नाही, पण आत्याच्या एका नजरेत ते कळतं. आणि ती आत्या किंग्स्टनच्या अंगणातही माझ्यासमोर आंब्याखाली बसलेली असायची.

एकदा टीचर वैतागून म्हणाली, घरी कधी काही गोल ढवळलंच नाहीस का? आणि मला एकदम मुरबाडचं आजोळ आठवलं. सुट्टीत आजी आम्हा दोघी बहिणींना जात्यावर भरडायला बसवायची. खुंटा धरायचा, एक पाय दुमडलेला, एक पसरलेला. नुसत्या हाताने ओढलं तर चार फेऱ्यांत हात दुखतो. आजी पाठीवर थाप मारायची, 'बैठकीतनं फिरव गं!' मी कोब्यावर तशीच बसले आणि रिकाम्या हवेत खुंटा धरून फिरवायला लागले. जपानी मुली हसून हसून बेजार. टीचर हसली नाही. म्हणाली, हेच. आता हेच धरून उभी राहा. उभी राहिले, आणि तीन फेऱ्या नीट झाल्या. चौथीला खांदे आलेच, पण तीन झाल्या.

रस्त्यावरच्या पार्टीला पहिल्यांदा गेले ती फजिती. सोमवार होता. आम्ही चौघी लाल नंबर प्लेटच्या शेअर टॅक्सीने रात्री दहाला सॅव्हाना प्लाझाला पोहोचलो. टीचर म्हणाली होती, मी 'सून कम'. आपल्या 'निघालेच, पाच मिनिटांत' या वाक्याचा तो सख्खा भाऊ. आवारात कपाटाएवढे स्पीकर एकावर एक रचलेले, एक माणूस वायरी जोडतोय, तेलाच्या पिंपाच्या शेगडीवर कोंबडी भाजायला टाकलेली, आणि शेंगदाणेवाल्याच्या गाडीची वाफेची शिट्टी बारीक आवाजात एकसारखी वाजतेय. बाकी कुणी नाही. साडेअकरा झाले, दहा-बारा माणसं आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. गाणी सुरू, नाच नाही. बारा झाले. जपानी मुली सराईत, त्या निवांत कणीस खात होत्या. मीच सारखी घड्याळ बघत होते. एकच्या सुमाराला कुठून कोण जाणे, माणसं अशी भरली की पाऊल ठेवायला जागा नाही. ठरवून शिवलेले जुळे कपडे घातलेली पोरं, हिरव्या-गुलाबी केसांच्या बायका, आणि माझ्या आईच्या वयाची एक बाई पांढरीशुभ्र पँट घालून.

बेस वाजला तेव्हा आवाज आधी कानाला नाही, बरगड्यांना लागला. त्या वर्षी आमच्याकडे विसर्जनाला डीजे लावायला कोर्टाने परवानगी दिली नव्हती आणि मी त्या निर्णयाच्या पूर्ण बाजूने होते, अजूनही आहे. तरी तिथे कानात टिश्यूचे बोळे घालून मी स्पीकरच्या समोरच उभी राहिले. माणूस एका वेळी दोन मतांचा असू शकतो.

इथे गाणी लावणाऱ्याला डीजे म्हणत नाहीत. तो 'सिलेक्टर'. 'डीजे' म्हणजे माइकवर शब्द फेकणारा, गाणारा. सिलेक्टर एकच चाल धरतो आणि तिच्यावर वेगवेगळ्या गायकांची गाणी एकामागून एक सोडतो. त्या चालीला 'रिदिम' म्हणतात, आणि एका रिदिमवर वीस-वीस जणांनी गाणी केलेली असतात. ओवी एकच आणि दळणाऱ्या बाया वेगळ्या, तसं. लोकांना एखादं गाणं फारच भावलं तर ओरडा होतो, हात वर जातात, आणि सिलेक्टर गाणं मधेच तोडून मागे फिरवून पुन्हा पहिल्यापासून लावतो. हा 'पुल अप'. आपल्या नाटकात 'वन्स मोअर' घ्यायचे तसा, फक्त इथे गाण्याचं पहिलं कडवंसुद्धा पुरं होऊ देत नाहीत.

रिदिमवरून आठवलं. डान्सहॉल संगणकी वाजायला लागलं ते १९८५ च्या 'स्लेंग टेंग' रिदिमपासून, आणि तो आला कॅसिओच्या एका स्वस्त कीबोर्डमधल्या तयार ठेक्यातून. तो ठेका बनवणारी इंजिनिअर जपानी बाई, हिरोको ओकुदा. हे मला आमच्या जपानी मुलीने इतक्या अभिमानाने सांगितलं की जणू तिची सख्खी मावशी. मी मनात म्हटलं, तुमचं आहे, आमचं काय?

आमचंही निघालं. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला, बुधवारी आलं. घरी व्हिडिओ कॉल झाला, मी खोलीच्या खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्या, घरमालकीणबाईंना बेसनाचे लाडू दिले (बेसन मिळालं, वेलची नाही, कसे झाले विचारू नका) आणि करायला दुसरं काही नव्हतं म्हणून वेडी वेडीला गेले. ही पार्टी स्टोन लव्ह या साउंड सिस्टिमच्या स्वतःच्या आवारात होते. विन्स्टन 'वी पाव' पॉवेल यांनी १९७२ मध्ये उभारलेली ही सिस्टिम. साउंड सिस्टिम म्हणजे स्पीकर, रेकॉर्डी, सिलेक्टर असा अख्खा संसार, आपल्या बँडपथकासारखा नाव आणि पत असलेला. सुरुवातीला जुनी गाणी चालू होती. मधेच टाळ्यांचा एक ठेका सुरू झाला. नुसत्या टाळ्या, खाली बारीक ढोल. अंगावर काटा आला, कारण मला तो ओळखीचा वाटला आणि का ते कळेना. टीचर माझ्या कानात ओरडली, "मिस इंडियन, युअर टाइम! दिवाली!"

मला वाटलं, मी सणाचं सांगितलं होतं म्हणून शुभेच्छा देतेय. ती म्हणाली, नाही गं, रिदिमचं नाव! स्टीव्हन 'लेंकी' मार्सडेनने २००२ मध्ये बांधलेला हा रिदिम, नावच 'दिवाली'. याच्यावरचं शॉन पॉलचं गाणं २००३ मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरवर होतं. आपल्या कॉलेजच्या गॅदरिंगांतही ते वाजलं असणार, म्हणून ओळखीचं. आवारातल्या निम्म्या लोकांना दिवाळी म्हणजे टाळ्यांचा हा ठेका, सण वगैरे नंतर. मी टाळ्या वाजवत गुडघे वाकवले. पहिल्यांदाच मला मोजावं लागलं नाही. खूप वेळ नाचले. मग खिशात फोन थरथरला. मुलाचा. किंग्स्टनला रात्रीचा दीड, म्हणजे ठाण्यात दुपारचे बारा.

"आई, झोपली होतीस का?"

मागे काय आवाज चालला होता ते त्याला ऐकू येतच होतं. "नाही रे," मी म्हटलं, "इथे दिवाळी चाललीय."

सगळंच गोड नाही. काही गाण्यांचे शब्द ऐकवत नाहीत. बंदुका, बायकांबद्दल नको ते, आणि समलिंगी माणसांबद्दल उघड द्वेष. 'लॉग ऑन' नावाचं एक पाऊल आहे, पाय उचलून जमिनीवर चुरडल्यासारखं करायचं. पोलंडच्या मुलीने विचारलं, हे नेमकं काय चुरडतोय? टीचरने खरं ते सांगितलं: २००१ च्या गाजलेल्या गाण्यात अशा माणसांना तुडवायलाच सांगितलंय. त्या मुलीने ते पाऊल करायला नकार दिला. टीचर रागावली नाही, आग्रहही केला नाही. मी केलं होतं, अर्थ कळायच्या आधी, छान जमलंही होतं. नंतर ते पायात आलं की मी जागा बदलायचे.

शिवाय कॅमेऱ्याचा दिवा. पार्टीत एक व्हिडिओवाला फिरतो, त्याच्या डोक्यावर झगझगीत प्रकाश. दिवा जिथे वळेल तिथे नाच पेटतो. त्या उजेडात गोरं दिसावं म्हणून कातडीला क्रीम फासणाऱ्या मुली मी जवळून पाहिल्या. मनगटाचा रंग एक, बोटांच्या पेरांचा वेगळा. फेअरनेस क्रीमच्या देशातून आलेल्या मी काय बोलणार?

अश्लीलतेचा वाद तर तिथे रोजच्या भाजीसारखा. २००९ मध्ये तिथल्या ब्रॉडकास्टिंग कमिशनने 'डॅगरिंग'च्या, म्हणजे संभोगाची उघड नक्कल करणाऱ्या नाचाच्या गाण्यांवर रेडिओ-टीव्हीवर बंदी घातली. तो नाच मीही पाहिला आणि नजर वळवली, हे कबूल करते. पण जानेवारीत सुप्रीम कोर्टाने डान्स बारवरच्या आपल्या सरकारच्या अटी सैल केल्याची बातमी घरच्या ग्रुपवर आली आणि तिच्याखाली ज्या पन्नास प्रतिक्रिया पडल्या, त्या वाचून मला टीचरची आठवण झाली. लावणीला आपण आधी नाक मुरडलं, मग तिचे महोत्सव केले. २९ नोव्हेंबरला युनेस्कोने रेगेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा ऑफिसात केक कापला. टीचरला सांगितलं तर म्हणाली, "रेगेला सर्टिफिकेट, आम्हाला पोलीस." ते खोटं नव्हतं. आवाजाचा कायदा तिथे १९९७ पासून आहे आणि ऐन रंगात गाडी येऊन उभी राहते. संगीत बंद. माणसं दोन मिनिटं तशीच थांबतात, कुणी शिवी हासडतं, कुणी सूप प्यायला वळतं.

मधले महिने भरभर गेले. मला गोलात नाचायचं होतं. गोल म्हणजे काही आखलेला नसतो. दिवा आला की माणसं मागे सरतात आणि मधे जागा होते. तिथे एकामागून एक गट उतरतात, आणि नियम न बोललेले आहेत. दुसऱ्याची पाळी चालू असताना घुसायचं नाही. फेब्रुवारीत मी अजाणता घुसले होते. हिरवे शर्ट घातलेल्या पोरांनी मला एका शब्दानेही हटकलं नाही, फक्त सगळे एकदम थांबले आणि हाताची घडी घालून माझ्याकडे बघत राहिले. त्यापेक्षा शिवी परवडली असती.

एप्रिलच्या शेवटच्या बुधवारी टीचर म्हणाली, आज. शनिवारी माझं विमान होतं. मी स्वयंपाकघरात घालते तो पंजाबी टॉप आणि जीन्स घातली होती, कारण बाकी सामान भरून झालं होतं. रात्री दीड वाजून गेला. दिवा आमच्याकडे वळला, जपानी मुलगी आधी उतरली, तिने जमिनीला पाठ टेकेपर्यंत खाली जाऊन दाखवलं आणि बाजूला झाली. मग टीचरने माझ्या पाठीवर थाप मारली. जोरात. अगदी आजीसारखी.

उतरले. आधी नुसती डोलले, तिने शिकवलं तसं, घाई न करता. मग विली बाउन्स. मग हवेतला खुंटा धरला आणि जातं फिरवलं. चारही फेऱ्या! मागे कुणीतरी ओरडलं, कुणीतरी पत्र्यावर हात आपटले, आणि सिलेक्टरने गाणं तोडलं. मला वाटलं, संपलं, पोलीस आले. गाणं मागे फिरलं आणि पहिल्यापासून लागलं. पुल अप. तो माझ्यासाठी होता की गाण्याच्या त्या ओळीसाठी, मी कुणाला विचारलं नाही. पण आता तेच सगळं पुन्हा करायचं होतं आणि माझ्याकडे आणखी पाऊल नव्हतं, म्हणून मी तीच तिन्ही परत केली. दुसऱ्यांदा मांड्या पेटल्या होत्या. पांढऱ्या पँटवाल्या आजीबाईंनी पुढे येऊन माझा हात धरून मला बाहेर काढलं आणि स्वतः आत शिरल्या. त्या नाचल्या तसं मला या जन्मात यायचं नाही.

कागदी पेल्यातलं सूप पीत आम्ही टीचरच्या फोनवर व्हिडिओ पाहिला. अकरा सेकंदांचा. त्यातली सात सेकंदं शेंगदाणेवाला मधे उभा आहे. उरलेल्या चारांत मी आहे. टीचरने ती चार सेकंदं तीनदा मागे-पुढे करून पाहिली, मग फोन खिशात टाकला आणि माझ्या डोक्यावर चार बोटांच्या अंतरावर तळहात आडवा धरला.

"अजून वर येतंय," ती म्हणाली. "उद्या चार वाजता ये."

"उद्या मला सामान कुरिअरला द्यायचंय."

"मग साडेचारला."